पाणंदीत रुतलेलं 12 टनाचं घर

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं लेथचं वर्कशॉप आहे, सकाळी शटर वर केलं की समोर एकतर पंपाचा शाफ्ट नाहीतर ट्रॉलीचा हुक, एवढंच आमचं जग. गेल्या ऑक्टोबरात मात्र दारात जे येऊन थांबलं ते बघून चहावाला पण किटली घेऊन बाहेर आला. साठीच्या पुढचे जर्मन नवरा-बायको, आणि त्यांचा फोर बाय फोर ट्रक, मागं डबा म्हणजे अख्खा वन आरके! टायर 14.00 आर 20, उभा केला तर माझ्या छातीला लागतोय.

काम किरकोळ होतं, डबा चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर टेकतो तिथला एक बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी धातूची नळी, झिजलेला. पण काढायला गेलो तर हा डबा चार कोपऱ्यांना आवळलेलाच नाही. आपल्याकडं बॉडी यू-बोल्टनं आवळली की विषय संपला, ह्यांचा मागं दोन ठिकाणी धरलाय आणि पुढं मधोमध एका पिनेवर डुलतोय. कारण एक चाक वर एक खाली गेलं की चॅसिस ओला पंचा पिळल्यागत पिळतं, डबा आवळून टाकला तर तो तरी तडकणार नाहीतर चॅसिस तरी. गनमेटलचा बुश करून दिला आणि म्हटलं पैसे राहू देत, गगनबावड्याकडं आमच्या गावाला चला आणि मला जरा चालवायला द्या.

आदल्या रात्री परतीचा पाऊस झालेला. केबलच्या वायरी वेळूनं उचलत उचलत पाणंदीपर्यंत पोचलो, आणि शंभर पावलांत मागचं डावं चाक लाल चिखलात बसलं. मी असतो तर दाबला असता ॲक्सिलरेटर, आपल्या रक्तातच आहे ते, आणि ॲक्सलपर्यंत खड्डा खणून मोकळा झालो असतो. म्हाताऱ्यानं चाक एकदा फिरल्याबरोबर इंजिनच बंद केलं. खाली उतरला, पुढं वीस-पंचवीस पावलं चालत जाऊन बूट रोवून बघून आला, मग चारी टायरची हवा सोडत बसला, 80 पीएसआयवरनं थेट 30 वर. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, वजन वाटलं जातं. मग चाकापुढची माती फावड्यानं ओढली, लो रेंज म्हणजे हळू पण जास्त जोराचा गिअर टाकला, डिफ लॉक लावलं म्हणजे डावं-उजवं चाक बरोबरीनंच फिरतं, आणि गाडी अशी निघाली की जणू म्हैस डबक्यातनं उठली.

तिथनं पुढं मी बसलो. स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळं चर बरोबर माझ्या पायाखाली. दोनच सूचना, अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं तर झटक्यानं मोडतील, आणि उताराला क्लचला पायच लावायचा नाही, लो-फर्स्टमध्ये इंजिनच गाडी धरतं. आरशात बघतोय तर केबिन डावीकडं कललेली, डबा उजवीकडं, आणि मधे माझा बुश, आवाज सुद्धा नाही. त्या दिवशी जेवण गोड लागलं राव.

परत हवा भरायला ब्रेकच्या कॉम्प्रेसरला पाइप लावला आणि तासभर नुसतं बसून राहिलो. तेवढ्यात गावातल्या पोरांनी आम्हाला ओढायला उसाचा ट्रॅक्टर आणलाच, साखळदंडासकट. गाडी डांबरावर बघून ड्रायव्हर म्हणाला, आता डिझेलचं कोण देणार?