१४ महिन्यांची रिकामी जागा

लॅब असिस्टंटसाठी आलेले अर्ज आज नावं-नंबर काढून चॅटजीपीटीला चाळायला दिले. एका मुलीचा अर्ज त्याने पार तळाला टाकला: २०२१ नंतर १४ महिने नोकरी नाही. मला राहवेना, फोन लावला. चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानात शिरलं, वडिलांबरोबर चिखल उपसून तिने ते पुन्हा उभं केलं. अर्जात यातलं एक अक्षर नाही, मग यंत्राला कुठून कळणार? अ‍ॅमेझॉनचं भरतीचं टूलही जुन्या अर्जांवर शिकून बायकांना मागे टाकायचं, शेवटी गुंडाळावं लागलं. जाहिरात, पत्रं चॅटजीपीटीकडून खुशाल करून घेईन, वेळ वाचतो. पण नाकारलेला प्रत्येक अर्ज यापुढे मी स्वतः वाचणार. उद्या अकराला तिची मुलाखत आहे.