रेषेची जाडी

भूमितीच्या पहिल्या धड्यात बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण, प्रतल अशी मंडळी एकापाठोपाठ हजेरी लावून जातात. रेषाखंडाला दोन टोकं, किरणाला एक, रेषेला एकही नाही. रेषा दोन्हीकडे न संपता जाते, म्हणून दोन्ही बाजूंना बाण काढायचे. इथवर मुलं कुरकुर करत नाहीत. घोडं अडतं ते जाडीपाशी. ‘रेषेला लांबी असते, जाडी नसते’ असं सांगता सांगता सर फळ्यावर चांगली दोन सूत जाडीची रेघ ओढतात.

माझी पुतणी यंदा सहावीत गेली. तिने सरळ विचारलं, ‘‘काका, जाडी नाही तर मग दिसते कशी?’’

बिनतोड प्रश्न. ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास रेषा म्हणजे ‘रुंदी नसलेली लांबी’ आणि बिंदू म्हणजे ‘ज्याला भाग नाहीत तो’ असं लिहून ठेवलं. गंमत म्हणजे पुढे तेरा खंडांत एवढी प्रमेयं सिद्ध केली, पण सिद्धता लिहिताना या दोन व्याख्यांचा आधार त्याने कुठेच घेतला नाही. लिहिल्या आणि बाजूला ठेवल्या.

टोक केलेल्या पेन्सिलीची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर भरते. वहीत त्याने काही बिघडत नाही. तीच रेघ १:५००० प्रमाणाच्या नकाशावर ओढली, तर तिच्याखाली अडीच मीटर जमीन झाकली जाते. म्हणजे आठ फुटांहून जास्त. आणि आठ फूट जमीन म्हणजे काय चीज आहे, हे गावात भाऊबंदकी पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

कागदावर दोन गटांमधली हद्द ही नुसती रेघ असते. रानात गेलं की तिचा बांध होतो: दोन-तीन हात रुंद, वर बोरी-बाभळी, हरळी आणि मधून पायवाट. रुंदी आली की मालकी आली. बांध कुणाचा, तर दोघांचा. म्हणून दोघंही तो आपापल्या बाजूने कोरतात, दर नांगरटीला एखादं तास आत सरकून. ४०० फूट लांबीचा बांध फूटभर कोरला, की ४०० चौरस फूट रान गेलं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गुंठा बिनबोभाट पलीकडे जमा. मग मोजणी मागवायची. पूर्वी त्यासाठी ३३ फुटी साखळी यायची, तिचे सोळा आणे पाडलेले असत, आणि बाजूला एक साखळी असा चौरस म्हणजे एक गुंठा. आता मोजणीवाले यंत्र घेऊन येतात, उपग्रहावरून जागा पक्की करतात. पण शेवटी खुणेचा दगडच रोवायचा, आणि तोही चांगला वीतभर जाड. ‘हद्द दगडाच्या अलीकडच्या अंगाने की पलीकडच्या?’ हा वाद तिथल्या तिथे सुरू होतो.

गवंडी याबाबतीत शहाणा. घराची आखणी करताना तो खुंट्या ठोकून दोरी ताणतो. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतो आणि तिरकं अंतर पाच भरलं की कोपरा काटकोनात आला म्हणतो. दोरीला जाडी आहे हे त्याला माहीत असतं, पण त्याचं तो दुःख करत बसत नाही. दोरीची एक कड धरतो आणि भिंत चढेपर्यंत ती सोडत नाही. विटा रचतानाही दोरीला टेकू देत नाही, केसभर अंतर ठेवतो. एक वीट टेकली की दोरी ढकलली जाते आणि पुढचा थर तिच्यामागोमाग वाकडा जातो.

हे आठवून मी पुतणीला अर्धं पान लाल रंगाने रंगवायला लावलं. लाल संपतं आणि पांढरं सुरू होतं ती जागा दाखव म्हटलं. दाखवली. ती किती जाड आहे? तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘तिथे काहीच नाहीये.’’ माझ्या मते शाळेत रेषा अशीच शिकवावी, रेघ ओढून नव्हे तर कड दाखवून. युक्लिडनेही पृष्ठाच्या कडा म्हणजे रेषा आणि रेषेची टोकं म्हणजे बिंदू, असं म्हणून ठेवलंच आहे.

अर्थात कडेवरही फार विसंबून चालत नाही. जयपूरच्या सवाई जयसिंगाने आपल्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट यांच्याकडून युक्लिडचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणवला, ‘रेखागणित’ नावाने. त्याच राजाने जयपूरला सम्राट यंत्र बांधलं, सुमारे ९० फूट उंचीचं सूर्यघड्याळ. त्याच्या सावलीची कड सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, डोळ्यांदेखत. पण सूर्य काही बिंदू नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे इतक्या लांबून पडणारी सावली धारदार संपत नाही, पुसट होत होत संपते. दरबारात रेषेला रुंदी नाही आणि अंगणात तिचा हा भलामोठा पट्टा!

१८९९ साली जर्मन गणिती हिल्बर्टने हा गुंताच निकालात काढला. बिंदू, रेषा, प्रतल यांची व्याख्या करायचीच नाही. दोन वेगळ्या बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, असे त्यांचे आपसातले नियम तेवढे सांगायचे. त्यांच्या जागी टेबल, खुर्ची आणि बिअरचा मग म्हटलं तरी भूमिती चालली पाहिजे, असं तो म्हणत असे म्हणतात. सहावीच्या पोरांना हे सांगू नये. सरांना मात्र ठाऊक असावं.

पुतणीला तोवर या सगळ्याचा कंटाळा आला होता. तिचा गृहपाठ वेगळाच होता. एका रेषेवर ए, बी, सी, डी असे चार बिंदू, रेषेची सगळी नावं लिहा. एबी आणि बीए दोन्ही चालतात, म्हणून बारा झाली. खाली प्रश्न: किरणांची नावं लिहा. तिने तीच बारा उतरवली. मी म्हटलं, थांब, किरण एबी, एसी आणि एडी हा एकच किरण आहे, निघतो ए पासून आणि जातो एकाच दिशेने. बीए मात्र उलट्या तोंडाचा. खोडाखोड करून सहा उरले. मग तिलाच वाटलं की चार बिंदू, प्रत्येकातून दोन्हीकडे एकेक, म्हणजे आठ हवेत. दोन गेले कुठे? आहेत, पण ए पासून डावीकडे आणि डी पासून उजवीकडे जाणाऱ्यांना नाव द्यायला पलीकडे बिंदूच नाही. ‘‘मग तिकडे एक ई घे आणि एक एफ,’’ मी सुचवलं.

‘‘पुस्तकात चारच दिलेत,’’ ती म्हणाली आणि सहा लिहून वही मिटली.