डेन्सिटी बरोबर, तरी ब्लॉक फेल

पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांना तरंगतं ठेवायला जे ब्लॉक लावतात त्यांचं टेस्टिंग माझ्याकडे असतं. इपॉक्सी रेझिनमध्ये काचेचे पोकळ गोळे मिसळून ओतलेलं मटेरियल, सिंटॅक्टिक फोम म्हणतात त्याला. एकेक गोळा 10 ते 100 मायक्रॉनचा आणि काचेची भिंत जेमतेम एक मायक्रॉनची, नुसती पिठासारखी पांढरी पावडर दिसते, डबा उचलला तर रिकामाच वाटतो.

तर त्या दिवशी एका बॅचचे सॅम्पल आले. डेन्सिटी मोजली, सीसीला 0.765 ग्रॅम यायला हवी, तेवढीच आली. मग कॉम्प्रेशनला, म्हणजे मशीनमध्ये दाबून बघायला लावले. चांगल्या सॅम्पलचा ग्राफ आधी सरळ चढतो, पीक येतं, थोडा पडतो आणि मग बराच वेळ आडवा चालतो, तेव्हा आत गोळे फुटत असतात, बारीक कडकड ऐकू येते आणि खालच्या प्लेटवर पांढरी भुकटी सांडते. ह्या बॅचचा ग्राफ मात्र लवकरच वाकला आणि पीक नेहमीपेक्षा चांगलंच खाली. सॅम्पल तिरकं कापलं गेलंय का, मशीनमध्ये वाकडं बसलंय का, सगळं बघून झालं, दुसरे सॅम्पल लावले तरी तेच.

प्रॉडक्शनवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, वजन बरोबर आलंय ना, मग मटेरियल खराब कसं असेल?" त्यांचंही चूक नाही म्हणा, सगळेजण डेन्सिटीवरच बॅच पास करतात.

तुटलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला आणि तिथंच उत्तर होतं. जिथं अख्खे गोल दिसायला हवेत तिथं काचेच्या कपच्या रेझिनमध्ये रुतलेल्या, आणि मधूनमधून मोठाल्या गोल पोकळ्या, पण त्यांना काचेची भिंतच नाही. म्हणजे नुसती अडकलेली हवा.

आता गंमत बघा. इपॉक्सी 1.15, गोळे 0.38, निम्मे-निम्मे आकारमान, म्हणून 100 सीसीला 76.5 ग्रॅम. समजा शंभरातले 10 गोळे फुटले, तर त्यांची 5 सीसी जागा आकसून पाऊण सीसीवर येते कारण भरीव काच 2.5 ची असते, म्हणजे डेन्सिटी 0.80 पर्यंत चढायला पाहिजे. पण त्याच वेळी सव्वाचार सीसी हवा आत अडकली की आकडा परत 0.765. दोन खोट एकमेकांना झाकतात आणि वजनकाटा खूश!

तरी खात्री हवी होती. दोन्ही बॅचचा छोटा छोटा तुकडा भट्टीत 500 अंशाच्या आसपास ठेवून रेझिन जाळलं, उरलेली काच पाण्यात सोडून ढवळली. अख्खे गोळे वर तरंगतात, कपच्या तळाला जातात. जुन्या चांगल्या बॅचला तळाशी पातळसा थर, हिला बोटभर गाळ. जुनी बॅच शेजारी ठेवणं महत्त्वाचं, कारण कापताना आणि भट्टीतही थोडे गोळे फुटतातच, एकटा तुकडा बघून काहीच कळत नाही.

मग मिक्सिंगला जाऊन उभी राहिले. लवकर आवरावं म्हणून कुणीतरी पॅडल काढून दातेरी डिस्कचं हाय-स्पीड ब्लेड लावलं होतं. त्या वेगानं गोळे चिरडतात आणि त्याच वेगानं हवा पण फेटली जाते, आणि मिश्रण इतकं घट्ट की नंतर व्हॅक्यूम लावला तरी हवा बाहेर येत नाही. एकाच ब्लेडनं दोन्ही कामं केली. गोळे नेहमी शेवटी, थोडे थोडे, हळू फिरवतच घालायचे असतात.

ब्लेड त्याच दिवशी बदललं, पण ओतून ठेवलेल्या ब्लॉकांवरून चांगलीच वादावादी झाली. उथळ पाण्यातल्या कामाला देऊन टाकू, तिथं कुठं एवढं प्रेशर येतं, असं म्हणणं होतं. दर 10 मीटरला साधारण एक वातावरण प्रेशर वाढतं हे खरं, पण प्रश्न फक्त चिरडण्याचा नाही ना. पृष्ठभागाजवळच्या पोकळ्यांत हळूहळू पाणी शिरतं, ब्लॉक जड होत जातो आणि तरंगायची ताकद कमी होते, आणि ते काही पहिल्या दिवशी दिसत नाही. मी सही केली नाही. शेवटी ते ब्लॉक मशीनिंगवाल्यांना कटिंग ट्रायलसाठी दिले.