हवा, ग्रीस आणि अ‍ॅव्हरेज : कळंबोलीच्या आमच्या गाळ्याची वाटचाल

२०११ ला कळंबोलीत स्टील मार्केटजवळ गाळा भाड्याने घेतला तेव्हा आमच्याकडे एक कॉम्प्रेसर, दोन जॅक आणि चाकं सरळ रेषेत आहेत का बघायचं एक सेकंडहँड अलाइनमेंट मशीन एवढंच होतं. कामं म्हणजे पंक्चर, हवा, ग्रीसिंग. मोटर मालक यायचे ते टायर घासतोय म्हणून, डिझेलचा विषय निघायचाच पण तो आमच्यासमोर ड्रायव्हरला झापताना. अ‍ॅव्हरेज कमी आलं म्हणजे ह्याने ढाब्यावर डिझेल विकलं, विषय संपला.

आमचा धंदा बदलला एका दहा टायरच्या गाडीमुळे. एका शेठच्या एकसारख्या पाच गाड्या तळोजा ते इंदूर चालायच्या, चार गाड्या लिटरला ४ किलोमीटरच्या वर देत होत्या आणि ही एक ३.६ ला अडकलेली. ड्रायव्हर आष्टीकडचे मामा, पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर, आणि त्यांच्या पगारातून डिझेलचे पैसे कापायला सुरुवात झालेली. ग्रीसिंगला गाडी लावली आणि मला म्हणाले, "भाऊ, गाडी मोकळी पळत नाय, कुणीतरी मागून धरल्यावानी वाटतंय." मी हाताची उलटी बाजू एकेका चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ नेली, मागचा डावीकडचा ड्रम इतका तापलेला की हात मागे घ्यावा लागला, बाकीचे नुसते कोमट. जॅक लावून चाक उचललं तर हाताने फिरेना. ब्रेकचा कॅम, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणारा भाग, ग्रीसविना जाम झालेला, पाय काढला तरी लायनर ड्रमला घासतच राहायचा, म्हणजे मामा अख्खा रस्ता अर्धा ब्रेक दाबूनच गाडी ओढत होते. ते काम केलं, पुढच्या ट्रिपला ३.९. मग मागच्या दोन अ‍ॅक्सलचं अलाइनमेंट केलं तेव्हा ४.१ आलं. मामांचे कापलेले पैसे शेठने परत दिले, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

अ‍ॅक्सल वाकडे आहेत का हे बघायला मशीनच लागतं असं नाही. पावसात गाडी डबक्यातून सरळ रस्त्यावर काढा आणि मागून ओले पट्टे बघा, मागच्या चाकांचा पट्टा पुढच्याच्या बाजूला पडत असेल तर गाडी तिरकी चालतेय, टायर रस्त्यावर आडवे घासतायत आणि ते घासणं डिझेलमधूनच भरलं जातंय.

त्यानंतर आम्ही पाटीवर "अ‍ॅव्हरेजचं काम" लिहिलं आणि पहिलं वर्ष मोजण्यातच फसलो. एका गाडीला सुधारणा दिसायची, पुढच्या ट्रिपला गायब, मालक म्हणायचा तुम्ही काही केलंच नाही. नंतर कळलं टाकी फुल करताना गाडी पंपावर जरा उताराला उभी असली तरी कितीतरी लिटरचा फरक पडतो. तेव्हापासून नियम केला की एकच पंप, तीच जागा, गाडी त्याच तोंडाने उभी, आणि वजनाची पावती सोबत, कारण रिकामी परत आलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीला लावून काही कळत नाही. कमीत कमी तीन ट्रिपा मोजल्याशिवाय आम्ही बिल लावत नाही.

मधल्या काळात डिझेलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट विकायची ऑफर आली, कमिशन चांगलं होतं. दोन गाड्यांवर लावून आमच्या पद्धतीने मोजलं, काडीचा फरक नाही, परत पाठवलं. त्या वर्षी गाळ्याचं भाडं थकलेलं होतं तरी पाठवलं, ह्याचा मला अभिमान आहे.

खरं अ‍ॅव्हरेज ड्रायव्हरच्या पायात आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० ची गाडी ७५ ला नेली की तो दीडपटीहून जास्त होतो, पण मालकच फोन करून "पोचला का, पोचला का" करत असेल तर ड्रायव्हर हळू कशाला चालवेल. दुसरी गोष्ट न्यूट्रलची. कसारा घाट उतरताना न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं असं जुन्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आताच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनमध्ये उलटं आहे, गिअरमध्ये पाय काढला की डिझेल बंद होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं, वर इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळा. हे मी पोरांना हात जोडून सांगतो कारण घाटात ब्रेक तापून गेलेल्या गाड्या आम्हीच उचलून आणल्यात.

तरी नुसतं सांगून भागत नाही. ८,००० किलोमीटर महिना चालणारी गाडी ४ वरून ४.३ ला आली तर साधारण १४० लिटर वाचतात, नव्वदच्या भावाने साडेबारा हजार. हे सगळे मालकाच्या खिशात गेले तर ड्रायव्हर दोन महिन्यांत जुन्या सवयीला परत येतो, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. म्हणून २०१९ पासून आमची अट आहे की वाचलेल्यातला तिसरा हिस्सा ड्रायव्हरचा, लेखी. काही मालकांनी त्यावरून आम्हाला सोडलं. जे राहिले त्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर आता स्वतः येऊन म्हणतात, हवा चेक करा, हब गरम लागतोय.

सध्या आमचं डोकं लागलंय जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या, लायनीत. कंटेनरच्या गाड्या तासन् तास उभ्या, उन्हाळ्यात केबिनमध्ये बसवत नाही म्हणून इंजिन चालू, जागच्या जागी डिझेल जळतंय. बॅटरीवरचे पंखे आणि खिडकीला जाळी असं साधं काम आठ गाड्यांना करून दिलंय, बॅटरी रात्रभर टिकते का ते वहीत लिहितोय. तीन गाड्यांची टिकली, एक सकाळी धक्का मारून चालू करावी लागली, तिचा अल्टरनेटर उद्या उघडणार आहोत.