किल्ली आतून अडकली होती

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. कुलपांच्या कामात अवेळी फोन येतातच. कुणाची किल्ली हरवलेली असते, कुणाचं दार वाऱ्याने लागलेलं असतं. हा आवाज मात्र वेगळा होता. "दादा, आजी आत अडकल्यात. घरात धूर झालाय. आमच्याकडे जादा किल्ली आहे, पण ती आत जातच नाहीये!"

घर कुठलं ते कळलं आणि पोटात गोळा आला. त्या दाराचं कुलूप तीन वर्षांपूर्वी मीच बसवलं होतं. दोन्ही बाजूंनी किल्ली लावावी लागते असं.

अग्निशमन दलाला शेजाऱ्यांनी कळवलं होतं, पण मी जवळ राहतो म्हणून त्यांच्या आधी पोहोचलो. दाराच्या वरच्या फटीतून करडा धूर निघत होता आणि आतून दार खडखडत होतं. शेजाऱ्यांची किल्ली घालून पाहिली, ती निम्म्यात टेकली. तेवढ्यावरून कळलं की आजींची किल्ली आतल्या बाजूने सिलेंडरमध्ये, म्हणजे कुलपाच्या किल्ली घालायच्या नळकांड्यात, आहे. साध्या सिलेंडरमध्ये एका बाजूला किल्ली अडकून राहिली की दुसऱ्या बाजूची चालत नाही. अडीअडचणीसाठी शेजारी ठेवलेली किल्ली नेमक्या अडचणीच्या वेळी निरुपयोगी ठरली होती.

"आजी, किल्ली सोडा. दारापासून मागे सरका, खाली जमिनीलगत बसा, तोंडावर ओलं फडकं धरा!" मी ओरडत होतो. त्यांना किती ऐकू जात होतं देव जाणे. खिडक्यांना गज होते, त्यामुळे तो मार्गही बंद.

सिलेंडरचं तोंड हँडलच्या पट्टीबाहेर चांगलं पाच मिलिमीटर आलेलं दिसलं. ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर असू नये, कारण मग त्याला पकड मिळते आणि ते मधून मोडता येतं. चोरांनाही ते ठाऊक असतं. बसवताना माझ्याकडे योग्य मापाचा नव्हता, म्हणून मी एक माप मोठा बसवला होता. माझ्या त्या हलगर्जीपणामुळेच दार चार मिनिटांत उघडलं. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, खोकत होत्या, पण शुद्धीवर होत्या.

दार उघडताच घरातला भोंगा कानठळ्या बसवत सुरू झाला. दाराच्या चौकटीवर चुंबकाचा सेन्सर, बैठकीत हालचाल टिपणारा सेन्सर, सगळं जागेवर होतं आणि चोख चालत होतं. पण सोफ्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड धुमसत होता आणि पडदा पेटत होता, तेव्हा त्या यंत्रणेला काही कळलं नव्हतं, कारण धुराचा अलार्म त्यात नव्हताच. मी तो सुचवलाही नव्हता. चोरीची भीती घेऊन आलेल्या माणसाला मी चोरीपुरतंच सामान दिलं होतं.

किल्ली का अडकली ते नंतर पाहिलं. दार बिजागरीवर जरासं खाली बसलं होतं, त्यामुळे बोल्ट, म्हणजे कुलपातून चौकटीत शिरणारा दांडा, चौकटीतल्या पट्टीला घासत होता. आजी रोज हँडल धरून दार किंचित वर उचलायच्या आणि मग किल्ली फिरवायच्या. हाताला सवय झालेली, म्हणून कधी कुणाला सांगावंसंही वाटलं नाही. अंधारात, धुरात, थरथरत्या हातांना ते कसं सुचणार?

आठवड्याने त्यांच्या लेकीने बोलावलं. "दादा, आता कुणालाही मोडता येणार नाही असं कुलूप बसवा."

"ताई, तसं कुलूप नसतं," मी म्हणालो. लंडनमध्ये ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याचं एक कुलूप साठ वर्षांहून अधिक काळ 'उघडून दाखवा' म्हणून दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं होतं. 1851 साली हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने तेही उघडलं. त्याला एकूण पन्नासेक तास लागले, हे मात्र खरं. कुलपाने चोराचा वेळ खायचा, एवढंच त्याच्याकडून मागावं. घरातल्या माणसाचा एक क्षणही त्याने खाता कामा नये.

त्यांना ते पटलं, पण दाराशेजारच्या काचेची धास्ती होती. तीही खोटी नव्हती. आत फिरवायची खुंटी असली की काच फोडून, हात घालून दार उघडता येतं. त्या वेळी याच कारणाने मी दोन्हीकडे किल्लीचा सिलेंडर दिला होता. या वेळी कुलपाऐवजी काच बदलली. दोन काचांमध्ये चिवट पडदा असलेली लॅमिनेटेड काच बसवली. ती तडकते, पण पडदा तिला धरून ठेवतो, हात सहज आत जात नाही. मग आतून खुंटी, बाहेरून किल्ली असा सिलेंडर बसवला, या वेळी नीट मापाचा. बोल्ट ज्यात शिरतो त्या पट्टीचे आखूड स्क्रू काढून 75 मिलिमीटरचे घातले, म्हणजे ते चौकट ओलांडून मागच्या भक्कम भागात रुततात. लाथ मारली की कुलपाआधी ती पट्टीच उखडते, पण बघायला गेलेला माणूस कुलपाची चकाकी पाहतो, पट्टी कुणी पाहत नाही. बिजागरीही वर घेतली.

धुराच्या अलार्मवर मात्र बराच वेळ गेला. झोपेत आपल्याला वासाने जाग येत नाही, हे ताईंना नवीन होतं. धुमसणारी आग लवकर ओळखणारा, प्रकाशाच्या झोताने धूर टिपणारा प्रकार घेतला. एक झोपायच्या खोलीच्या छताला, एक खोलीबाहेर, एक बैठकीत, आणि तिन्ही एकमेकांना जोडलेले. तरी एक अडचण होतीच. आजी रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात. नेहमीच्या अलार्मचा आवाज 3000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बराच तार असतो, आणि वयाने आधी जातो तो तार आवाजच. म्हणून खोलीत 520 हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज देणारा शोधून आणला. शिवाय उशीखाली थरथरणारी चकती.

सगळं झाल्यावर मी दिवे घालवले, पडदे ओढले आणि आजींना पलंगापासून दारापर्यंत चालत यायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांचा हात सवयीने किल्लीच्या खुंटाळ्याकडे गेला. दुसऱ्यांदा आधी हँडल सापडलं, मग खुंटी. तिसऱ्यांदा थेट खुंटी. "अजून एकदा करते," म्हणाल्या आणि स्वतःहून पलंगाकडे परत गेल्या.

त्या रात्री जुनी वही काढली. मी दोन्ही बाजूंनी किल्लीची कुलपं बसवलेली अकरा घरं निघाली. आठ ठिकाणी बदलून झालीत. दोन घरांचे फोन लागत नाहीत, तिथे स्वतः जाऊन यायचं आहे. अकराव्या घरी एकट्या राहणाऱ्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "राहू दे हो, इतकी वर्षं काही झालं नाही." उद्या सकाळी नवा सिलेंडर घेऊन त्यांच्याकडे जातोय.