दोन्ही डोळ्यांचा नंबर जुळवताना

एकेका डोळ्याचा नंबर काढून झाला की तपासणी संपली असं समजू नये. एक डोळा झाकलेला असताना उघडा डोळा, जवळचं पाहताना लावतो तसा, आतून जास्त जोर लावू शकतो, आणि त्यामुळे निघालेला नंबर नीट बसत नाही. तरुणांत हे जास्त.

म्हणून दोन्ही डोळ्यांपुढे अधिक (प्लस) ०.७५ची काच चढवून नजर मुद्दाम धूसर करायची. मग प्रिझम, म्हणजे प्रतिमा सरकवणारी पाचरीसारखी काच: उजव्यापुढे ३ प्रिझमचा पाया (जाड कड) खाली, डाव्यापुढे ३चा वर. तक्त्यावरची ६/१२ची (मध्यम अक्षरांची) एकच ओळ दाखवली की दोन दिसतात. वरची उजव्या डोळ्याची. विचारायचं, "कुठली जास्त स्पष्ट?" जी स्पष्ट, त्या डोळ्यापुढे अधिक ०.२५ वाढवायचं, दोन्ही सारख्या धूसर होईपर्यंत. अगदी सारख्या होतच नसतील तर प्रबळ डोळ्याला (जो आपसूक जास्त वापरला जातो) झुकतं माप, म्हणजे त्याची ओळ किंचित स्पष्ट ठेवायची. मग प्रिझम काढून दोन्हीकडचा धूसरपणा ०.२५ने एकदमच उतरवत आणायचा. इथे घाई केली की उणे नंबर उगाच वाढतो.

एक डोळा मंद (लहानपणापासून नजर नीट न वाढलेला) असेल किंवा त्यात मोतीबिंदू असेल, तर ही तुलना निरर्थक. साठीपुढे जोर लावण्याची ताकदच उरत नाही, तिथे वेळ घालवू नये.