दादांचा आजार

दादांना काय झालंय असं कुणी विचारलं, तर 'छातीत गाठ होती' एवढंच सांगायचं, असं घरात ठरलं होतं. मला ते कधीच पटलं नाही. आता दादांनीच लिही म्हटलंय, म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या वडिलांना स्तनाचा कॅन्सर झाला. पुरुषांनाही होतो. दर १०० रुग्णांत एखादाच पुरुष असतो, पण असतो.

आधी आईला दिसलं. धुवायच्या बनियनवर रक्ताचा लहानसा डाग. बोंडामागं हरभऱ्याएवढी गाठ, बोंड आत ओढलेलं. गाठ दुखत नव्हती, त्यामुळं सोयाबीनची रास होईपर्यंत दादांनी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आमच्याकडचा समज फार घातक आहे.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, सगळ्या बायकाच बसलेल्या. आतून आवाज आला, "बाईला पाठवा, माणसांनी बाहेर थांबा." दादा उठून जिन्याकडं निघाले. मी मोठ्यानं म्हणाले, "पेशंट हेच आहेत." सगळ्यांच्या माना वळल्या. एका मावशीनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा भाऊ." त्या मावशीचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचे उपचार संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात झाले. ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. काखेतून काढलेल्या नळीची डबी दादा बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. रोज सकाळी त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं काम माझं. लाल पाणी हळूहळू पिवळसर झालं तसा माझा जीव भांड्यात पडला. हात आखडू नये म्हणून बोटांनी भिंत चढायचा व्यायाम होता; बोटं पोचतील तिथं आई कुंकवाची खूण करायची. त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, हे प्रत्येक नव्या सिस्टरला मीच सांगते.

रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारा कॅन्सर. पुरुषांत बहुतेकदा तसाच येतो. म्हणून ते संप्रेरक अडवणारी टॅमोक्सिफेनची गोळी, रोज, ५ वर्षं. तिनं दादांच्या अंगातून वाफा निघतात, घामानं सदरा भिजतो. एका रात्री ते अंगणात येऊन बसले, तेव्हा आई म्हणाली, "पाळी जाताना मलाबी असंच व्हायचं. तुम्ही म्हणायचा, ऊन लागलं." दादा खाली बघत म्हणाले, "तवा कळलं नाही गं."

आता बीआरसीए तपासणी करायची आहे. पुरुषाला हा आजार झाला की घराण्यातून आलेला जनुकदोष आहे का, ते बघतात. आधी दादांचं रक्त जाईल. त्यात दोष निघाला तर तो माझ्यात किंवा भावात असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, म्हणून मग आम्हा दोघांचं. भाऊ म्हणाला, "ताईचं करा, मला कशाला? मी माणूस आहे."

दादांनी जेवता जेवता मान वर केली. "मग मी कोण हाय रे?"

भाऊ येतोय.